आमचा राखणदार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात आणि चतुर्थीला गावचं घर उघडलं की नव्या सुना, जावई आणि शहरात वाढलेली पोरं हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात. उत्तरं वेंगुर्ले-सावंतवाडी भागातल्या चालीरीतींवरून दिली आहेत. पलीकडच्या गावात रीत वेगळी असू शकते, आणि तिथे त्यांचंच खरं. मी स्वतः राखणदाराला मानते, हे आधीच सांगून टाकते.

राखणदार म्हणजे देव की भूत?

धड देव नाही, धड भूत नाही. रवळनाथ, सातेरी, भूमिका या ग्रामदेवतांची देवळं असतात, पालख्या निघतात, मानकऱ्यांचे मान ठरलेले असतात. राखणदाराला बहुतेक ठिकाणी देऊळच नसतं. आंब्याच्या मुळाशी एखादा पाषाण, नाहीतर बांधाच्या कोपऱ्यावरची नुसती जागा, जिथे कुणी थुंकत नाही आणि चपला घालून जात नाही. काम एकच, हद्द सांभाळायची. गोव्यात आणि सीमेलगतच्या गावांत त्याला देवचार म्हणतात, कुठे चाळा म्हणतात, कुठे जागेवाला. घाटावर शेताचा म्हसोबा हेच काम करतो आणि वेशीवर मारुती उभा असतोच.

काही ठिकाणी मात्र राखणदाराचा मोठा देव झाला आहे. आरवलीचा वेतोबा आणि म्हापशाचा बोडगेश्वर ही त्यातली दोन ठळक नावं. बोडगेश्वर म्हापशेकरांचा राखणदार, आणि जानेवारीच्या सुमाराला त्याच्या जत्रेला अख्खा बारदेश लोटतो.

तो दिसतो कसा?

पांढरं धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात करकरणाऱ्या वहाणा. काहींच्या सांगण्यात हातात दिवटी असते, काहींच्या सांगण्यात तोंडात विडी. माझ्या आजीने त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण काठीच्या घुंगरांचा आवाज ऐकला होता, असं ती शपथेवर सांगायची. वर्णन नीट पाहिलंत तर हा रात्री बाहेर पडलेला जुना शेतकरीच आहे. मुकुट नाही, चार हात नाहीत. मला यातलं हेच सगळ्यांत आवडतं. रात्री दोन वाजता कुणी सोबतीला यायचंच असेल, तर ते आपल्या वाडीतल्या माणसासारखं दिसलेलं बरं.

आरवलीच्या वेतोबाला वहाणा का वाहतात?

तो रात्री गावाची फेरी मारतो आणि चालून चालून वहाणा झिजतात, म्हणून. शिरोड्याजवळच्या आरवलीत देवळात गेलात तर चामड्याच्या, माणसाच्या पावलाच्या कितीतरी मोठ्या वहाणा मांडलेल्या दिसतील. त्यातल्या जुन्या जोडांचे तळ झिजलेले आहेत, असं भाविक दाखवतात. नवस फेडायला केळ्यांचा घडही वाहतात. मूर्ती पुरुषभर उंचीपेक्षा मोठी, उभी आणि माणसाच्या रूपातली. पूर्वी ती फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे.

वहाणा खरंच झिजतात का, असा पुढचा प्रश्न पुण्याच्या जावयांकडून हमखास येतो. त्यांना मी एवढंच म्हणते की जोड बनवायला आधी कारागिराकडे जावं लागतं, तो मापाचं चामडं आणतो, शिवतो, मग घरातलं कुणीतरी तो जोड डोक्यावर घेऊन देवळात जातं. इतका खटाटोप करणाऱ्या माणसाला झिजेचा पुरावा लागत नाही.

माणसागणिक राखणदार वेगळा असतो का?

नाही. तो जागेचा असतो, माणसाचा नाही. गावाचा एक, वाडीचा एक, आणि मोठं भाट, म्हणजे नारळी-आंब्याची बाग, असेल तर त्या भाटाचाही एक. तुम्ही त्या हद्दीत आहात तोवर तुम्ही त्याचे. पाहुणा असाल तरी त्याचेच, आणि गड्यामाणसांना तर घरधन्याआधी तो ओळखतो, असं म्हणतात.

‘राखण देणं’ म्हणजे काय? कोंबडा आणि दारू लागतेच का?

वर्षातून एकदा राखणदाराला त्याचा वाटा द्यायचा, ती राखण. दिवस गावागावांत वेगळा. आमच्याकडे भातं घरात आल्यावर असते. नारळ, जाड भाकरीसारखा रोट, विडीकाडी, काही ठिकाणी सोरो, म्हणजे दारू, बऱ्याच ठिकाणी कोंबडा. घरातला वडीलधारा किंवा घाडी, म्हणजे गावात देवाचं करणारा मानकरी, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवापुढे मोठ्याने मागणं मांडतो, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मग तिथेच चूल मांडून रस्सा होतो आणि तिथेच संपतो. उरलेलं घरी आणायचं नाही.

ज्यांच्या घरी मांसमच्छर चालत नाही ते नारळ, केळी आणि गूळ-खोबरं देतात. त्यावरून राखणदार रुसल्याचं मी ऐकलेलं नाही. आमच्या वाडीत अजून बायकांना त्या जागेवर नेत नाहीत, आणि हे मला पटत नाही. भात लावलं बायकांनी, कापलं बायकांनी, वाटणही त्यांनीच वाटून दिलं, आणि गाऱ्हाण्याच्या वेळी त्या घरात. आत्याने एकदा हे तोंडावर विचारलं होतं. ‘पूर्वापार हा’ एवढंच उत्तर मिळालं.

मी डोंबिवलीत किंवा दुबईत राहते. तो माझ्यासोबत येतो का?

रीतीप्रमाणे नाही. त्याची हद्द ठरलेली. म्हणून तर चाकरमानी गाव सोडताना त्याला सांगून निघतात आणि परत आल्यावर पहिला नारळ त्याचा. पण निघताना त्या जागेची चिमूटभर माती पुडीत बांधून देणाऱ्या आज्या घरोघरी आहेत. पाकिटात फोटोमागे ती पुडी ठेवून वर्षानुवर्षं आखातात काढलेली माणसं मला माहीत आहेत.

शहरात हीच गरज दुसऱ्या वाटेने भागते. तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणणाऱ्या घरात मूल ‘शिरो मे राघवः पातु’ पासून सुरुवात करून डोळे, कान, जीभ, खांदे, गुडघे, पाय असा एकेक अवयव रामाच्या हवाली करत जातं. आणि रिक्षाच्या मागच्या काचेवर अक्कलकोटच्या स्वामींचं ‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे’ वाचत आपण सिग्नलला उभे असतो. कल्याण-शिळ रस्त्याची हालत पाहता ते वाक्य पाठीशी असलेलं बरंच.

ख्रिस्ती लोकांचा रक्षक देवदूत आणि आमचा राखणदार एकच का?

एक नव्हे, पण ओळख पटावी इतकं साम्य आहे. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे प्रत्येक माणसाला जन्मापासून मरणापर्यंत स्वतःचा रक्षक दूत असतो. त्यांचा सण २ ऑक्टोबरला, आणि मीखाएल, गाब्रिएल, राफाएल या महादूतांचा त्याआधी २९ सप्टेंबरला. आधार बायबलचा आहे. स्तोत्र ९१ मध्ये देव आपल्या दूतांना तुझ्या सर्व वाटांवर तुला सांभाळायला सांगतो, आणि मत्तयच्या १८व्या अध्यायात येशू लहानग्यांच्या दूतांविषयी बोलतो. माझी वसईची मैत्रीण मुलांना झोपवताना मराठीतच दूताची प्रार्थना म्हणते. आमच्या घरी रामरक्षा संपते त्याच सुमाराला.

फरक असा की दूत माणसाला बांधलेला, राखणदार जमिनीला. दूताला नारळ लागत नाही की विडी. तो स्वतःच्या मर्जीने काही करत नाही, देवाने धाडलेला असतो. राखणदाराला मात्र मन आहे, आवडनिवड आहे, क्वचित रागही आहे. आणखी एक मजेशीर फरक सांगते. बायबलमध्ये आलेली तीन नावं सोडून दूतांना आपल्या मनाने नावं ठेवू नयेत, असं व्हॅटिकनने २००१ साली लोकभक्तीविषयीच्या मार्गदर्शनात सांगितलं आहे. आमच्याकडे तर प्रत्येक पाषाणाला नाव, आणि काहींना टोपणनावही.

दोघं सगळ्यांत जवळ येतात ते तोबिताच्या गोष्टीत. कॅथलिक बायबलमध्ये ती आहे. तरुण तोबिया परमुलखात निघतो, आणि राफाएल वाटाड्या बनून, स्वतःची ओळख न देता, त्याच्यासोबत अख्खा प्रवास चालतो. मागे तोबियाचं कुत्रंही. ही गोष्ट मी आजीला सांगितली असती तर ती म्हणाली असती, घोंगडी तेवढी सांगायची राहिली.

गोव्यात तर दोन्ही श्रद्धा एकाच अंगणात नांदतात. शिवोलीला नाताळानंतरच्या सोमवारी जागर होतो, गावाची राखण करणाऱ्या जागऱ्याच्या नावाने. त्यात हिंदू आणि ख्रिस्ती दोघंही असतात.

इतर मराठी मंडळींत असं काही आहे?

आहे तर. कुलाबा-अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू, शनवारतेली, एलियाहू हन्नबीला, म्हणजे एलिया संदेष्ट्याला, फार मानतात. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका कातळावर खुणा आहेत. एलिया रथातून आकाशात जाताना तिथे टेकला, असं ते मानतात. नवस फेडायला किंवा शुभकार्याआधी मलिदा करतात: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, सुका मेवा आणि फळं. इस्राएलला गेलेल्या घरांतही मलिदा चुकलेला नाही. पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी कथा सांगणाऱ्या समाजाला वाटेवरचा राखणकर्ता इतका जवळचा का, हे वेगळं सांगायला नको.

पारशांची फ्रवशी ही कल्पनाही याच जातीची: प्रत्येकाचा स्वतःचा रक्षक आत्मा. मुंबईतल्या अग्यारींच्या दर्शनी भागावर पंखवाली आकृती दिसते, तिला बरेच पारशी फ्रवशीचीच खूण मानतात.

खरंच आधार मिळतो, की नुसते मनाचे खेळ?

आधार मिळतो, हे मी पाहिलं आहे. तो मनातून येतो की बाहेरून, यावर घरात दोन तट आहेत आणि दोन्ही तट जेवायला एकाच पंगतीला बसतात.

आजोबा गेल्यावर आजी त्या पाच खोल्यांच्या घरात एकटी राहिली. मुलं मुंबईला, शेजार हाकेच्या पलीकडे, पावसात वीज गेली की दिवसभर गेली. तिला आम्ही सगळ्यांनी विचारलं, भीती नाही वाटत? तिचा रोजचा क्रम असा. तुळशीपाशी दिवा लावायचा. पेज प्यायची. मग मागीलदारी उभं राहून भाटाच्या दिशेने, शेजारणीशी बोलावं त्या आवाजात सांगायचं, ‘मी निजतंय हां, लक्ष ठेव.’ त्यानंतर पुढचं आणि मागचं दार, दोन्हीच्या अडणी घालायची, आणि बॅटरी घेऊन पुन्हा एकदा तपासायची. राखणदारावर तिचा पुरा विश्वास होता, अडणीवरही होता.

यातलं मला कळलेलं एवढंच. दिवसभर ती कुणाशीही काही बोलली नसेल तरी ते एक वाक्य मोठ्याने बोलायची. आता मी निजणार, हे कुणाला तरी सांगणं तिला शक्य होतं. म्हातारपणी एकटं राहणाऱ्या कितीजणांना तेवढंही नसतं. राखणदार ऐकतो की नाही, हा वाद चालू द्या. पण त्याला सांगता येतं, त्यासाठी वेळ घ्यावी लागत नाही, आणि ‘मी आता जरा बिझी आहे’ असं तो म्हणत नाही.

आई दवाखान्यात होती तेव्हा मामाने गावच्या जागेवरचा अंगारा आणला. अतिदक्षता विभागाच्या दारात नर्सबाईंनी पुडी पाहिली, नाकाशी नेली आणि म्हणाल्या, कपाळाला लावू नका, उशीखाली ठेवा, जंतुसंसर्ग नको. त्या मूळच्या केरळच्या होत्या. आम्हाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

मग वाईट का घडतं? तेव्हा राखणदार कुठे असतो?

याचं उत्तर मला येत नाही. ज्यांना येतं त्यांच्यापासून लांब राहा.

माझा चुलतभाऊ गावच्याच रस्त्यावर, हद्दीच्या आत, रात्री मोटारसायकलवरून गेला. तेराव्याच्या आत दोघातिघांनी ‘काहीतरी चुकलं असणार’ असं काकांच्या कानावर घातलं. काहीही चुकलेलं नव्हतं. रस्त्यावर खडी पडली होती आणि वळणावर दिवा नव्हता. पुढची काही वर्षं काकांनी राखण दिली नाही. वाडीत कुणी चकार शब्द काढला नाही. मग एका वर्षी त्यांनी स्वतःच नारळ सोलून ओसरीवर ठेवला. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

‘तुमची राखण चुकली आहे, म्हणून धंदा बसला’ असं एकाने सांगितलं आणि पैसे मागितले. काय करावं?

देऊ नका. राखण चुकली असं वाटत असेल तर घरातल्या जाणत्याला विचारा, फार तर ग्रामदेवतेला कौल लावा. त्याला नारळाचा खर्च येतो. भीती घालून हजारांचे आकडे सांगणारा माणूस राखणदाराचा कुणी लागत नाही.

भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, डांबून ठेवणं, चटके, किंवा अंगात शक्ती आहे सांगून फसवणं असले प्रकार असतील तर सरळ पोलिसांत जा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात यासाठी सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. देवळात जाणं, नवस, पूजा, गाऱ्हाणं यांना हा कायदा हात लावत नाही. आमच्याकडच्या काही थोरांना उगाच वाटतं की तो राखणीविरुद्ध आहे.

साप चावला तर आधी राखणदाराला नारळ की डॉक्टर?

डॉक्टर. नारळ नंतर, आणि तोही घरी राहिलेल्या माणसाने ठेवावा. १०८ ला फोन करा, चावलेला हात-पाय हलवू देऊ नका, कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. आपल्याकडे फुरसं भरपूर. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चारही विषांवर चालणारी एकच लस आहे, पण ती दवाखान्यात मिळते, आंब्याखाली नाही. सर्पदंशाच्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्र घालत बसणं हा वरच्याच कायद्याखाली गुन्हा आहे.

मुलांना हे सांगावं का? घाबरतात.

सांगावं, पण धाक म्हणून नाही. ‘जेवला नाहीस तर देवचार नेईल’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. तो नेण्यासाठी नाही, आणून सोडण्यासाठी आहे. वाट चुकलेल्या पोराला घराच्या पायरीवर सोडून गेल्याच्या गोष्टी प्रत्येक वाडीत आहेत, त्या सांगा. माझ्या मुलीने यावर विचारलं होतं, त्याला गुगल मॅप लागतो का. नाही लागत.

जमीन विकली तर राखणदाराचं काय?

हल्ली हा प्रश्न वाढला आहे. २०२१ मध्ये चिपीला विमान उतरू लागलं, नंतर गोव्यात मोपाचं विमानतळ झालं, आणि ज्या कातळाला कुणी विचारत नव्हतं त्याला गिऱ्हाईक आलं. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं सापडतात, याचं सापडत नाही. माझा सल्ला व्यवहारी आहे. विकण्याआधी घेणाऱ्याला ती जागा दाखवा, प्रथा सांगा. जमलं तर तेवढा तुकडा आणि जायची वाट विक्रीतून वगळा, आणि ते खरेदीखतात लिहून घ्या. तोंडी शब्दावर राहू नका, कारण घेणाऱ्याचा मुलगा तो पाळेलच असं नाही. आमच्या शेजारच्या भाटात मुंबईच्या एका कुटुंबाने बंगला बांधला आणि कुंपण घालताना पाषाणाभोवती वळण घेतलं. दर अमावास्येला त्यांचा माळी तिथे उदबत्ती लावतो. पलीकडच्या भाटात जेसीबीने पाषाण उचलून गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, टाकला. तिथेही कुणाचं काही वाईट झालं नाही. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिलं.

मला मालवणी येत नाही. गाऱ्हाणं घालू कसं?

येईल त्या भाषेत. आपण कोण, कुणाच्या घरातले, कशासाठी आलो, हे आधी सांगायचं. मग मागायचं, आणि शेवटी चुकलंमाकलं पदरात घे म्हणायचं. पाठ करायचंच असेल तर एवढं पुरे:

‘बा देवा म्हाराजा, आज ही लेकरा तुझ्या पायाकडे इली हत. त्येंनी जी काय सेवा केली हा ती मान्य करून घे. खय चुकला असात तर सांभाळून घे. वाटेर-घाटार, रात्री-अपरात्री त्येंच्या पाठी उभो रव, म्हाराजा.’

यावर मागच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. एकटेच गेला असाल तर तेही आपणच म्हणायचं, जरा आवाज बदलून.